टोकाला दोन चिमटे

विसेन्ताने तळहातावर पारी घेतली, मध्ये बटाटा आणि चीजच्या सारणाचा गोळा ठेवला आणि मुरड घालायला सुरुवात केली. एक चिमटा डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. चौथ्या चिमट्याला अंगठा थरथरला आणि गव्हाच्या ओंबीसारखी जाणारी ओळ तिथेच वाकडी झाली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि तो पाण्यात उकडायचा कुलुर्जोने पटकन ओल्या फडक्याखाली सरकवला. तिथे आधीच चार लपलेले होते.

बोनारियाकाकूंच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, आळीतल्या बायका सकाळपासून लांब टेबलाभोवती बसल्या होत्या. उद्या काकूंच्या नातीचे लग्न. सहाशे कुलुर्जोनेस व्हायचे होते. कुठला कुणाचा हे सांगावे लागत नसे. मुरड पाहूनच ओळखू यायचा. नवरानवरीच्या ताटात मात्र एकाच हातचे जात, आणि गेली बावीस वर्षे गावातल्या प्रत्येक लग्नात तो हात विसेन्ताचा होता. दोन महिन्यांपूर्वी हात थरथरायला लागला, आणि ते ताट आता दुसरीकडे जाणार, या धास्तीने तेव्हापासून तिचे कशात लक्ष नव्हते.

"काय गं, आज बैलगाडीनं आलीस का?" शेजारची माल्लेना म्हणाली. "माझं दुसरं ताट भरत आलं."

"तुझे पाण्यात पडले की तोंड उघडतात. मालकिणीसारखेच."

सगळ्या हसल्या. विसेन्ताने हात मांडीवर दाबून धरले.

काकू दोन्ही हात एप्रनखाली घालून टेबलाभोवती फेऱ्या मारत होत्या. हल्ली त्या स्वतः एकालाही मुरड घालत नसत, नुसती देखरेख करत. म्हातारीला मोठेपणाची हौस, असे विसेन्ताच साऱ्या गावाला सांगायची.

टेबलाच्या टोकाला विसेन्ताची सून ओर्नेल्ला उकडलेले बटाटे सोलत होती. पोरगी पार उत्तरेची, बेर्गामो शहरातली. तिच्या माहेरी पारी दुमडायची, मधोमध अंगठा दाबायचा, की संपले. लग्नाला पाच वर्षे झाली. तीनदा तिने मुरड शिकवा म्हटले आणि तीनदा विसेन्ताने "हात जन्माचा लागतो, बाई" म्हणून तिला बटाट्यांकडे पिटाळले.

विसेन्ता पाणी प्यायच्या निमित्ताने उठली. मग फडके पिळायला उठली. तिसऱ्यांदा ती परसातल्या नळाखाली मनगटे धरून बराच वेळ उभी राहिली. नवरीचा पोशाख आला म्हणून सगळ्या आत धावल्याचा गलका तिने ऐकला, पण ती हलली नाही. गार पाण्याने बोटे बधिर झाली, थरथर तशीच राहिली. तिला रडू आले.

परतली तेव्हा तिचे ताट भरलेले होते. वीसेक कुलुर्जोनेस, सरळ आणि घट्ट मिटलेले. ओर्नेल्ला मान खाली घालून बटाटे सोलत होती. तिच्या नखांत कणीक होती.

बायका नवरीला घेऊन बाहेर आल्या. काकू ताटावर वाकल्या.

"बघा गं! टोकाला दोन चिमटे. हिच्या आईची खूण. दुसरीला साता जन्मात जमायची नाही."

विसेन्ताने ती खूण कुणालाच शिकवली नव्हती. पोरीने बटाटे सोलता सोलता नुसती बघून उचलली होती.

"अजून दहा लागतील," काकू म्हणाल्या. "बस विसेन्ता. नवरीला तुझा हात बघायचाय."

नवरी समोर बसलीसुद्धा. विसेन्ताने पारी उचलली. ती तळहातावर हलायला लागली. ओर्नेल्लाचा चाकू थांबला.

विसेन्ताने पारी खाली ठेवली.

"हे माझे नाहीत. हिचे आहेत."

"त्या उत्तरेच्या पोरीचे?" माल्लेना म्हणाली.

"माझ्या सुनेचे. ओर्नेल्ला, ये इकडं. ही खुर्ची घे."

"आई, मी फक्त..."

"नखं नीट धुऊन ये."

स्टूल ओढून विसेन्ता बटाट्यांच्या पातेल्यापाशी बसली. तिच्याकडे कुणीच पाहत नव्हते. सगळ्यांची नजर ओर्नेल्लाच्या बोटांवर होती. विसेन्ताला लाज वाटली, हेवाही वाटला. पोरीचा हात खरोखर चांगला होता.

शेजारी दुसरे स्टूल सरकले. काकू बसल्या आणि त्यांनी एप्रनखालून हात बाहेर काढले. ते तिच्या हातांपेक्षा जास्त थरथरत होते.

"कधीपासून, काकू?"

"नऊ वर्षं झाली."

"आणि मी गावभर सांगत सुटले, की म्हातारीला मोठेपणाची..."

"बरं झालं सांगत सुटलीस. हातांकडं कुणी पाहिलंच नाही," काकू म्हणाल्या. "दे तो बटाटा."