पाकोळीचं तोंड कुणाकडं

आमची घोडी पाकोळी पळायची तेव्हा गावातली तोंडाळ माणसंसुद्धा गप्प व्हायची. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, घोडी पुढं असते आणि बैल तिच्या मागं सुटतात. घोडीनं मागं बघायचं नसतं, बैलांनी तिला सोडायचं नसतं. बायकांनी घाटात यायचं नाही म्हणतात. मी जाते. माझा नवरा आदिनाथ तिच्या पाठीवर असायचा, पण खरं सांगते, मला तो दिसायचाच नाही. धुळीतून एक तांबडी रेघ वर चढत जायची.

आणि तीच घोडी घरी आली की नुसती हाडं. बरगड्यांच्या मधे बोट बसावं. माकडहाड वर आलेलं, मानेला खळगा.

माझे सासरे राधाकृष्ण, त्यांना मी मामा म्हणते, त्यांनी तिला पैलवानाचा खुराक लावला होता. भिजवलेला हरभरा, गूळ, तुपातले कणकेचे गोळे, वर कच्ची अंडी. जितकं जास्त घालावं तितकी ती जास्त नाचायची. पत्र्यावर कावळा बसला तरी अंगावरची कातडी थरथरायची. लीद पातळ झालेली. आल्यागेल्याला मामा सांगत, "खाऊन खाऊन घर धुतलं, पन अंगाला लागंना. जातच नाठाळ हाय." घोडी ज्यांच्या दावणीला सुकते तेच घोडीची जात काढतात. माणसांतही असंच चालतं.

संक्रांतीला मामा म्हणाले, "होळीपातूर अंग धरलं तर ठीक. न्हाईतर हनुमंताला देऊन टाकू."

हनुमंत वरातीला घोड्या पुरवतो. वरातीत घोडीच्या कानाशी डीजे असतो आणि पायाशी फटाके. पाकोळी तिथं एक लगीनसराई जगली नसती. हे मामांनाही माहीत होतं. माहीत असून बोलले, याचाच मला राग.

मी कुणाला न विचारता केडगावच्या डॉक्टर आराधना साळवेंना फोन केला. त्या आल्या, पाकोळीचे दात बघितले, लीद बघितली, जंताचं औषध दिलं. मग खुराकाच्या टोपल्यात हात घालून वास घेतला.

"हा खुराक म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल आहे," त्या म्हणाल्या. "घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी असतं. तुम्ही सकाळ-संध्याकाळ टोपलं ठेवता आणि मधे ते रिकामं ठेवता. रिकाम्या पोटात आंबट सुटतं, दुखतं. मग ती नाचते. नाचली की खाल्लेलं गेलं."

"मंग घालू काय?" मी विचारलं.

"गूळ बंद. हरभरा हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. कडब्याची कुट्टी आणि लसूणघास मिसळून सारखं पुढ्यात असू द्या. त्यावर करडईचं तेल, आधी चमचाभर, मग वाढवत न्या. तेलानं अंग भरतं, डोकं तापत नाही. मिठाचा खडा टांगा, पाणी कायम भरलेलं."

दारात उभं राहून ऐकणारे मामा मिशीतून हसले. "गवतावर तर म्हशी राहत्यात, डॉक्टरीणबाई."

"मग म्हशीला पळवून बघा एकदा," त्या म्हणाल्या आणि बॅग आवरली.

मामांनी हात झटकले. "तुलाच हौस हाय, तूच घाल."

मी घातलं. लीद बांधून आली. अंगावर तकाकी आली. पण बरगड्या तशाच. पुढ्यात इतकं असून ती अर्धं सांडायची. गव्हाणीत तोंड घालायची, घास ओढायची की लगेच मान उचलून मागं वळायची, आणि तोंडातलं निम्मं भुईवर. मामा रोज बघून जायचे. "सांगितलं हुतं," एवढंच म्हणायचे.

एका सकाळी मी गोठा झाडत होते. झाडू तिच्या मागं सांडलेल्या कुट्टीवर आला आणि मी थांबले. सगळं सांडलेलं एकाच बाजूला होतं. खुरांनी भुई उकरून अर्धगोल चर पडलेला, तोही त्याच बाजूला. तेवढ्यात मागच्या दावणीला खंड्या बैलानं मान हलवली. घुंगरू वाजलं. पाकोळीचे दोन्ही कान मागं गेले, घास तोंडातून गळला.

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला.

आमच्या गोठ्यात उगवतीच्या भिंतीत कोनाडा आहे, त्यात खंडोबाचा टाक. घोडा खंडोबाचं वाहन, म्हणून घोडीची गव्हाण कोनाड्याखाली. तिनं देवाकडं तोंड करून खायचं, ही मामांच्या आज्यापासूनची रीत. आणि बैल तिच्या पाठीमागं. घाटात जे शिंगं रोखून तिच्या मागं सुटतात, तेच. माणसाला म्हणावं, तुझ्यामागं धावणाऱ्यांकडं पाठ कर आणि निवांत जेव. जेवेल का? तिच्या हिशोबानं घाट संपतच नव्हता. ती दावणीला बांधलेली पळत होती.

दगडी गव्हाण हलणार नव्हती. मी ट्रॅक्टरचा जुना टायर लोटत आणला, मधल्या खांबाजवळ ठेवला, त्यात कुट्टी भरली आणि पाकोळीला फिरवून बांधली. बैल समोर, अंतरावर. देव पाठीमागं.

मामा शेतातून आले. दारातच उभे राहिले.

"देवाला पाठ?"

"व्हय."

"कुनाला इचारून?"

"देव काय तिच्या मागं पळत येत न्हाई, मामा. बैल येत्यात."

त्यांचा हात दोराकडं गेला. घोडीला परत फिरवणार, हे मला दिसलं. मी खांबासमोर उभी राहिले. सुनेनं असं उभं राहायचं नसतं, तेही मला ठाऊक होतं.

तेवढ्यात पाकोळीनं टायरात तोंड घातलं.

खंड्यानं मान हलवली, घुंगरू वाजलं. तिनं नुसते डोळे वर केले. बघितलं, बैल आहे तिथंच आहे. आणि मान खालीच ठेवून ती खात राहिली. खाल्लं, चावलं, गिळलं, परत खाल्लं. इतके दिवस तिला खायला घालत होते, पण तिचं चावणं सलग कधी ऐकलंच नव्हतं. जात्यासारखा आवाज. संथ, जड, एका लयीत. गोठा त्या आवाजानं भरून गेला. मी खांबाला टेकले. मामांचा हात दोरावरच होता, तो दोर सोडतही नव्हता आणि ओढतही नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "होळीपातूर," आणि गेले.

पुढं जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी मला अजून नवल वाटतं. तेल, घास आणि कडबा यांची घोडी होत गेली. आधी मानेचा खळगा बुजला. मग माकडहाड बुडालं. मग एके दिवशी तिच्या कुशीवर हात फिरवला तर बरगडी हाताला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. आदिनाथ म्हणायचा, बसायला आता गादी झाली.

होळीच्या दुपारी हनुमंत मोटारसायकलवर आला. मामांनी त्याला संक्रांतीलाच सांगून ठेवलं होतं, होळीला येऊन बघून जा म्हणून. मामा पुढं गोठ्यात शिरले आणि दारातच थिजले.

पाकोळी आडवी पडली होती. चारी पाय पसरून, मान भुईवर टाकून. आमच्या घरी आल्यापासून तिला कुणी कधी आडवी पाहिली नव्हती. झोपायची ती उभ्यानं, एक कान जागा ठेवून. आता पोट सावकाश वरखाली होत होतं, पुढचा पाय झोपेत हलत होता, आणि चार हातांवर खंड्या रवंथ करत होता.

"मेली का काय?" हनुमंत मागून म्हणाला.

"हळू," मामा म्हणाले. त्यांनी कधी पायातून काढल्या कळलं नाही, पण वहाणा त्यांच्या हातात होत्या. "निजलीय."

"मंग दावता कवा?"

"दावायचं न्हाई. तू जा. अन् गाडी फाट्यापातूर ढकलत ने, इथं चालू करू नगं."

हनुमंत माझ्याकडं बघू लागला. त्यानं गाडी ढकलत नेली.

दुसऱ्या दिवशी मामा छिन्नी-हातोडा घेऊन गोठ्यात आले. बैलांच्या दावणीवरच्या, आता पाकोळीच्या तोंडासमोर आलेल्या भिंतीत त्यांनी नवा कोनाडा फोडायला घेतला. खंडोबाचा टाक उपरण्यात गुंडाळून जवळ ठेवला होता. घाव पडत होते, मातीची ढेकळं बैलांच्या पुढ्यात पडत होती, खंड्या मागं सरला. पाकोळीनं मान वर करून एकदा मामांकडं बघितलं.

मग तिनं परत टायरात तोंड घातलं, आणि हातोड्याच्या आवाजाखालून ते जातं सुरू झालं.