समाधानदादाचा भोंगा

मी भोंगा. हातात धरायचा, सेलवर चालणारा, लाल तोंडाचा. पाठीला चीर गेली आहे, तिच्यावर चिकटपट्टी आहे. आवाज अजून खणखणीत आहे, म्हणून सांगतो.

समाधानने मला सिल्वासाच्या बाजारातून आणलं, तेव्हा तो धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होता. गाव नंदुरबारकडचं, राहणं सिल्वासातल्याच आमली भागात. वॉर्डातली बहुतेक मतं समोरच्या पक्षाची. तरी तो उभा राहिला. पाळी सुटली की तसाच गल्लीत शिरायचा आणि मला खांद्याला लटकवून धाकटा भाऊ लखन मागे.

पुतळाबाई दारातूनच सांगायची, "समाधान, मत नाही देणार हं तुला. चहा घे मात्र."

"चालेल मावशी, साखर कमी टाका. मी तरी आज मत कुठे मागतोय."

पहिल्यांदा तो पडला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यांतून मला घेऊन फिरला आणि मराठी, गुजराती, हिंदीत सगळ्यांचे आभार मानले. पडलेला माणूस आभार मानतो हे पाहायला लोक जेवण सोडून दारात आले.

पुढच्या निवडणुकीत समोरच्या पक्षाचे रमाकांतकाका चौकात बोलायला उभे राहिले आणि लखनने माझं सायरनचं बटण दाबून धरलं. काकांचा एक शब्द ऐकू येईना. समाधान धावत आला, त्याने मला हिसकावलं. ही चीर तेव्हाचीच. "माफ करा काका, भाऊ चुकला. बोला तुम्ही," म्हणाला आणि त्यांच्याच सभेत खाली बसला.

त्याच्या पक्षाची माणसं तडकली. "तू आमचा का त्यांचा?"

"काका काय बोलतात ते ऐकू द्या, मग सांगतो."

त्या वेळी तो एकोणीस मतांनी निवडून आला. पाण्याचा टँकर आला की आपली गल्ली, त्यांची गल्ली असं त्याने कधी केलं नाही. "आधी पाणी भरा, शिव्या नंतर द्या," असं माझ्यातून ओरडायचा.

यंदा गटाराच्या कामासाठी तो अंगात ताप घेऊन तीन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी त्याच गटारासाठी रमाकांतकाकांनी त्याच्या दारात मोर्चा आणला. चौथ्या दिवशी समाधान दवाखान्यात गेला, तो परत आला नाही.

पक्षाची माणसं लखनला म्हणाली, "मोर्चानेच भाऊ गेला, असं सभेत बोल. तिकीट तुझं." लखनला वाचता जेमतेम येतं. त्याने भाषण पाठ केलं.

शोकसभेला रमाकांतकाका पुढेच बसले होते. लखनने मला तोंडाशी धरलं.

"माझ्या दादाला..." तो थांबला. "कुणी नाही मारलं. ताप होता त्याला. मी म्हणालो, दवाखान्यात चल. तो म्हणाला, उद्या. मी ऐकलं त्याचं. मी नेलं नाही त्याला."

पुढे तो रडायलाच लागला, पण त्याचं बोट बोलायच्या बटणावरून निघेना. त्याचं रडणं माझ्यातून साऱ्या आमलीने ऐकलं. पक्षाची माणसं 'बंद कर, बंद कर' अशा खुणा करत राहिली. शेवटी पुतळाबाईने येऊन त्याचं बोट अलगद सोडवलं.

तिकीट दुसऱ्याला गेलं. मी आता खिळ्याला असतो. लखन कामावरून येतो, मला काढतो आणि कानाला लावून बसतो.

लखन, भोंग्यात आवाज साठत नाही रे. मला तोंडाजवळ धर.