दोन बोटांचा पट्टा

फेब्रुवारीत त्या हरणाच्या नराला मीच धरून पाडलं होतं. मक्याच्या लोभानं तो जाळीच्या पिंजऱ्यात शिरला आणि मागं दार पडलं. मग एकानं आत घुसून त्याच्या अंगावर झेप घ्यायची, मान दाबायची, डोळ्यांवर फडकं बांधायचं. माग काढायचा रेडिओ-पट्टा गळ्यात घालायला आमच्या खात्यात हरणं अशीच धरतात. पाय धरायला माझ्यासोबत काम करणारा डेल आत आला, तर नरानं अशी लाथ झाडली की डेलचे दोन दात बर्फात.

रक्त थुंकत डेल ओरडला, "ऐली, पट्ट्यात चार बोटं जागा ठेव! माजावर आला की मान फुगते त्याची!"

"मागच्या वर्षी चारच ठेवली होती. तीन पट्टे गळून पडले, आणि साहेबांच्या शिव्या कुणी खाल्ल्या? मी!"

दोन बोटं जेमतेम शिरतील इतका मी पट्टा आवळला. कानात पिवळा बिल्ला ठोकला, एकोणचाळीस नंबर. त्या हिवाळ्यात मी बारा नरांना पट्टे घातले.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. आमच्या मिशिगनच्या या टोकाला त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. सकाळी नऊला शेजारच्या आर्वो काकांचा फोन आला. "तुझं पट्टेवालं हरीण माझ्या मचाणापुढं उभंय. चाकू घेऊन ये."

अरे देवा, काय अवस्था होती त्याची! मान दुप्पट सुजलेली, पट्टा मांसात रुतलेला, वरून पू गळतोय. जीभ बाहेर. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"गोळी घालू?" काका म्हणाले.

"थांबा, मी कापते पट्टा."

"वेडी आहेस का गं? मेल्यावर काप! शिंगं बघ त्याची!"

मी ऐकते होय कुणाचं! झेप घेतली. आम्ही दोघं बर्फात कोसळलो. शिंगाचं टोक माझ्या मांडीत घुसलं, मी बोंबलले, पण मान सोडली नाही. पट्ट्याखाली चाकू जाईना. कातडी त्याच्यावर वाढली होती. मी मांसच कापत सुटले. हरीण लहान पोरासारखं किंचाळत होतं, गरम रक्त माझ्या तोंडात जात होतं.

"बाजूला हो! तू मध्ये येतेयस!" काका बंदूक रोखून ओरडत होते.

मला हलताच येईना. शेवटी पट्ट्याच्या वर, गळ्यात, मीच चाकू खुपसला. दोनदा. तेव्हा कुठं ती शिट्टी थांबली.

काकांनी माझी मांडी बांधली. मग खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली. मोठा नर वर्षाला एकच मिळतो त्यांना. मारलेल्या हरणाला बांधतात तशी ती शिंगाला बांधायला लागले.

"माझी शिकार म्हणून लिही. तुझी नोकरी राहील."

"काका, सोडा ती चिठ्ठी. शिकार लिहिली तर बाकीचे पट्टेवाले कोण शोधणार?"

पट्ट्यावर छापलेला ऑफिसचा फोन नंबर फिरवला. ऑफिसात डेलच होता, नव्या कवळीतून फुसफुसत.

"एकोणचाळीस मेला," मी म्हटलं. "पट्ट्यानं. मी मारला."

"किती बोटं ठेवली होतीस?"

"दोन."

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "आणि बाकीच्या अकरांना?"

मला रडू फुटलं. "सगळ्यांना दोनच रे, डेल."