पत्रातून गळलेली मिनिटे

मी एक जुने किल्लीचे घड्याळ आहे. भिंतीवर मिरवणारे नव्हे. तळहाताएवढे, चामड्याच्या डबीत मिटून प्रवासाला निघणारे. माझी चाके बसवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरले, टिकटिक ऐकली आणि "जाशील नीट" एवढेच म्हटले. त्या दोन शब्दांवर मी आजवर चालत आले.

मित्रांनो, माझ्या मालकीणबाई भाषणे देतात. तोच त्यांचा व्यवसाय. पहिल्या भाषणाला वीस मिनिटे दिली होती, त्या पन्नास मिनिटे बोलल्या. निम्मे श्रोते पेंगले, उरलेले घरी गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या यजमानांनी मला आणून त्यांच्या हातावर ठेवले. यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणारे. ते मोजके बोलत. "अगं, हे समोर ठेवत जा," म्हणाले.

तेव्हापासून तीस वर्षे मी पाण्याच्या पेल्याशेजारी उभे राहिले. कारखान्यांची सभागृहे, ग्रंथालयांच्या गच्च्या, एकदा तर अग्निशमन केंद्रात बंब बाहेर काढून मोकळी केलेली जागा. आमंत्रण कुठलेही असो, त्यात मिनिटे लिहिलेली असत आणि बाई ती पाळत. संयोजक त्यांना 'मिनिटबाई' म्हणू लागले. कौतुक त्यांचे व्हायचे, फुगायचे मी. त्यांचे सर्वांत गाजलेले भाषण होते, 'नाही म्हणायला शिका'.

मग आमंत्रणे आटली. आठवड्याला दोन होती, ती वर्षाला दोनवर आली. बाई रोज सकाळी मला किल्ली देत, पण डबी प्रवासाला निघत नसे.

अशात ते पत्र संगणकावर आले. परदेशातली मोठी परिषद, आणि मुख्य वक्त्या म्हणून बाई. बाईंनी ते छापून यजमानांपुढे धरले. त्यांनी चष्मा पुसला, मोठ्याने दोनदा वाचले. "एकही चूक नाही गं. पत्र लिहावं तर असं," ते म्हणाले. मी मात्र अस्वस्थ झाले. शेवटची ओळ होती, 'वेळेचे बंधन नाही, हवे तेवढे बोला.' तीस वर्षांत असे कोणी म्हटले नव्हते. ज्याला खरेच ऐकायचे असते तो वेळेसाठी घासाघीस करतो, हे मला ठाऊक होते. पण घड्याळाला टिकटिकीपलीकडे बोलता येत नाही.

आवाजाची चाचणी घ्यायची म्हणून परिषदेच्या नावाने फोन करणाऱ्या एका गोड बोलणाऱ्या माणसाने बाईंना संगणकासमोर बसवले. "मॅडम, इथे दाबा. आता फोनवर आकडा आला असेल, तो वाचून दाखवा." बाईंनी वाचला. सात मिनिटे लागली, मी मोजली. तेवढ्यात बाईंचे हजारो श्रोते जिथे जमत ते समाजमाध्यमावरचे पान चोरांच्या हाती गेले. परिषद नव्हतीच. बाईंच्या नावाने श्रोत्यांना निरोप गेले: मी परदेशात अडकले आहे, पैसे पाठवा.

बाईंनी एकेकाला फोन करून सावध केले. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' असे एकाने लिहून पाठवले. तेही त्यांनी गिळले. चौथ्या दिवशी एक परिचारिका दारात उभी राहिली. तिने पैसे पाठवले होते. ती रागावली नव्हती. बाई सुखरूप आहेत ना, एवढे पाहायला आली होती.

"तुमचंच भाषण ऐकून मी नाही म्हणायला शिकले, बाई," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

बाईंनी तिचे पैसे परत केले, पण मान वर केली नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला किल्ली दिली नाही. मी चार वाजून दहा मिनिटांनी थांबले आणि टेबलाच्या खणात गेले. नंतर दोन बोलावणी आली, खरीखुरी. बाईंनी दोन्ही नाकारली. त्यांना नाही म्हणता येऊ लागले होते, पण नको तिथे. मला फार वाईट वाटले.

काही महिन्यांनी तीच परिचारिका पुन्हा आली. "आमच्या रुग्णालयातल्या मुलींशी बोलाल? तुमचं जे झालं, तेच सांगा. दोघींना परवाच नोकरीची खोटी पत्रं आली आहेत."

"कोणत्या तोंडानं सांगू गं?"

"ह्याच. पण बाराच मिनिटं हं, बाई. पाळी बदलायच्या आधी तेवढीच मिळतात. तेरावं मिळायचं नाही."

यजमान उठले. त्यांनी ते जुने पत्र शोधून काढले, तांबड्या पेन्सिलीने शेवटच्या ओळीत हंसपद काढले, म्हणजे गळलेल्या शब्दासाठी करतात ती खूण, आणि समासात लिहिले, 'मिनिटे?'

"लिहिलेल्यातल्या चुका शोधत बसलो मी," ते म्हणाले. "न लिहिलेलं राहूनच गेलं."

बाईंनी ते वाचले. मग खण उघडून मला बाहेर काढले आणि किल्ली दिली.

रुग्णालयाच्या जेवणघरात त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी फसले." कोणी हसले नाही. बाराव्या मिनिटाला त्या थांबल्या. टाळ्यांना वेळच नव्हता. मुली आपापल्या वॉर्डकडे धावल्या. त्यातल्या एकीने जाता जाता खिशातले पत्र काढून बाईंच्या हाती दिले. "एकदा बघता का?" म्हणाली.

मित्रांनो, रोज किल्ली देत जा, एवढेच मी सांगणार होते. पण आणखी एक सांगते. फसलेल्या माणसाला 'कसे हो फसलात?' असे विचारू नका. ते तो स्वतःला दिवसभर विचारत असतो. त्याच्या दारी जा आणि म्हणा, "बाराच मिनिटं आहेत. याल?"