एक वीत खाली

वनशास्त्र शाखा शेती महाविद्यालयात विलीन करायची की नाही, यावर शुक्रवारी मतदान होतं. मंगळवार सकाळपर्यंत बाईंचं मत पक्कं होतं आणि झोपही उत्तम लागत होती.

बाई वृक्षमापन शिकवत. झाडाची जाडी मोजायची ती जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर. आणि झाड उतारावर असेल तर मोजणाऱ्याने वरच्या बाजूला उभं राहायचं, खालच्या नाही. तीस वर्षं हे त्या इतक्या वेळा सांगत आल्या होत्या की मुलांनी त्यांचं नावच 'एक-सदतीस' पाडलं होतं. "आज एक-सदतीसचा तास आहे," असं कुणी जिन्यात कुजबुजलं की बाई न ऐकल्यासारखं करत, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

शाखेची अवस्था तशी लपवण्यासारखी नव्हती. पंधरा शिक्षक, यंदा पहिल्या वर्षाला बावीस मुलं. प्रयोगशाळेतलं एक सूक्ष्मदर्शक सोडलं तर बाकीच्यांतून धुकंच दिसायचं. लाकडांच्या नमुन्यांच्या खोलीत छत गळायचं, म्हणून कपाटं दर वर्षी एकेक फूट पुढे सरकत आता दाराशी येऊन टेकली होती. शेती महाविद्यालय रस्त्यापलीकडेच. तिथे चार मजले, लिफ्ट आणि प्रत्येक मजल्यावर चालू असलेला पाण्याचा नळ. तिकडे गेलं तर यंत्रं मिळतील, मुलं वाढतील, पगार वेळेवर होतील, असं तरुण शिक्षक म्हणत, आणि त्यांचं काही चुकत होतं असं नाही.

"पण शाखाच ती," शाखेचे प्रमुख म्हणायचे. "इथून तोडायची नि तिकडे कलम करायची. धरली तर धरली."

बाईंचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. शेतीवाले आज पेरतात आणि चार महिन्यांनी निकाल लिहून मोकळे होतात. वनशाखेत सगळ्यात छोटा प्रयोग वीस वर्षांचा. चार महिन्यांच्या घाईत वीस वर्षांची वाट कोण बघणार? एखाद्या वर्षी कुणी तरी म्हणेल, या वेळी मोजणी राहू द्या, पुढच्या वेळी बघू. झालं, संपला प्रयोग.

म्हणूनच प्रमुखांनी शाखेच्या बाजूचं टिपण लिहायला सांगितलं तेव्हा बाईंनी सगळा भार टेकडीवरच्या प्लॉटवर टाकला. सरांनी, म्हणजे बाईंच्या गुरूंनी, चोपन्न वर्षांपूर्वी लावलेली ती झाडं. निम्मी सपाटीवर, निम्मी उतारावर. विसाव्या वर्षी सरांनी मधली मधली झाडं काढून विरळणी केली. पुढच्या पाच वर्षांत उतारावरची झाडं सपाटीवरच्यांपेक्षा कितीतरी वेगाने भरली. त्यावरून सरांनी नियम काढला की उतारावर विरळणी जास्त करावी. तो नियम पुस्तकात गेला, वनखात्यात गेला, परीक्षेत तर दर वर्षी दहा मार्कांना. बाईंनी टिपणात लिहिलं, 'चोपन्न वर्षांत या प्लॉटची एकही मोजणी चुकलेली नाही.' प्रमुखांना ते वाक्य इतकं भावलं की त्यांनी ते ठळक अक्षरांत पहिल्याच पानावर घ्यायला लावलं, आणि वर म्हणाले, "मॅडम, शेजारी एक फोटोही टाकू. झाड, रंगाचा पट्टा आणि मोजकाठी."

त्या फोटोसाठी बाई मंगळवारी टेकडीवर गेल्या. सोबत प्लॉटचे जुने राखणदार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. प्रत्येक झाडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा होता. दर पाच वर्षांनी जाडी नेमकी त्याच जागी मोजता यावी म्हणून तो असतो. बाईंनी उतारावरचं एक देखणं झाड निवडलं, वरच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि एक मीटर सदतीसची काठी खोडाला लावली.

काठीचं टोक पट्ट्याच्या चांगलं वीतभर वर गेलं.

"मामा, वरून माती घसरून साठलीय का हो बुंध्याशी?"

मामांनी कुदळीने हलकेच खरवडलं. दोन बोटांवर मुळांचा फुगवटा लागला. "नाही बाई. जमीन होती तिथंच आहे."

बाईंनी दुसरं झाड बघितलं, मग तिसरं. उतारावरच्या अकरा झाडांना काठी लावून झाली, आणि सगळीकडे तेच वीतभर अंतर होतं. मग त्या उतरून पहिल्या झाडाच्या खालच्या बाजूला गेल्या आणि तिथून काठी लावली. टोक बरोब्बर पट्ट्यावर आलं.

हे पट्टे त्यांनीच रंगवले होते. एकोणतीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. साल सुटून जुने पट्टे गेले होते, ते नव्याने मोजून काढायचं काम सरांनी त्यांच्यावर सोपवलं. तेव्हा त्यांना सातवा महिना होता. वरच्या बाजूला पाय ठरत नव्हते, आणि घसरलं तर पोटावर आपटू, या भीतीने त्या खालच्या बाजूला उभ्या राहिल्या. सगळी दुपार. काय करतोय हे तेव्हा ध्यानातही आलं नाही, जीव फक्त तोल सांभाळण्यात अडकलेला. खोड खाली जाड असतं. जाडी जिथे पूर्वी मोजली होती त्याच्या वीतभर खाली मोजली, म्हणून उतारावरची झाडं पाच वर्षांत भराभर वाढल्यासारखी दिसली. सपाटीवर वर-खाली असं काही नव्हतंच, तिथे आकडे बरोबर आले. त्यानंतर पाच वेळा मोजणी झाली, पण पट्टा दिसतोय म्हटल्यावर काठी कोण लावणार? सगळ्यांनी जुन्याच रंगावर नवा रंग फासला, बाईंनीसुद्धा.

म्हणजे सरांचा नियम हा बाईंच्या पोटाला सांभाळण्यातून निघाला होता. बाईंना हसू आलं, आणि त्यांनी काठी खाली ठेवली.

"फोटो काढायचा ना?" मामांनी विचारलं.

"आज उजेड बरोबर नाही," बाई म्हणाल्या. लख्ख ऊन पडलं होतं. मामांनी कुदळ खांद्यावर घेतली.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि खोडाचा उतरता आकार धरून आकडे दुरुस्त करून पाहिले. उतारावरची वाढ सपाटीइतकीच निघाली. नियमात काही उरलं नाही. आपण एकोणतीस वर्षं फळ्यावर जे लिहीत आलो ते खोटं होतं, आणि त्याच्या जोरावर कुठल्या कुठल्या डोंगरांवर चांगली उभी झाडं कापली गेली असतील, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

बुधवारी त्या सरांकडे गेल्या. सर चौऱ्याऐंशीचे. कानाने अधू, पण आकड्याला अजून पक्के. त्या दोघांचं बोलणं आयुष्यभर झाडांपलीकडे गेलं नव्हतं, ते त्या दिवशीही गेलं नाही. बाईंनी वही पुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. का झालं ते सांगितलं नाही. त्या काळी टेकडीवर काम करणारी बाई म्हणजे त्या एकट्याच. 'हिला झेपणार नाही' म्हणायला लोक टपून बसलेले. तेव्हा जे कारण तोंडातून काढलं नाही, ते आता काढायचं त्यांच्या जिवावर आलं.

सरांनी आकडे दोनदा तपासले. मग चष्मा काढून ठेवला.

"खालच्या बाजूला? पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे!"

"हो सर."

"तू शिकवतेस हे!"

"हो सर."

सरांनी वही मिटली. बाईंना वाटलं, आता हे उठून आत निघून जातील. पण ते बोलले, आणि बोलले ते भलतंच.

"शुक्रवार होऊ दे. मग सांग."

"सर?"

"दोन दिवसांत काही बिघडत नाही. एकोणतीस वर्षं बिघडलेलंच आहे. आज सांगितलंस तर शाखा गेलीच म्हणून समज. मीही येतोय परवा, प्रमुखांनी बोलावलंय. त्या प्लॉटवरच बोलणार आहे मी. माझ्यासमोर माझा नियम मोडायचा असेल तर मोड, पण मतं पडल्यावर."

बाईंना खूप वाईट वाटलं. आकडा चुकला तर तो खोडून लपवायचा नाही, हे त्यांना याच माणसाने शिकवलं होतं. पण राग येईना. समोर एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या जन्माची कमाई त्या उचलून न्यायला आल्या होत्या. "बघते सर," एवढंच म्हणून त्या उठल्या.

गुरुवार कसा गेला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. गप्प बसायचं ठरवलं की बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणंच खुपायचं. सर म्हणत होते ते खोटं नव्हतं, दोन दिवसांत एकही झाड जास्त पडणार नव्हतं. पण पंधरा माणसं ठळक अक्षरांतलं ते वाक्य वाचून मत देणार होती, आणि वाक्य बाईंचं होतं.

शुक्रवारी सभागृहात सगळे जमले. शेती महाविद्यालयाचे प्राचार्य पाहुणे म्हणून कडेला बसले होते, चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्या माणसाचा सावध गोडवा. सर मागच्या रांगेत, हातात काठी. प्रमुखांनी टिपण वाचायला घेतलं. "चोपन्न वर्षांत या प्लॉटची एकही मोजणी..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "ते वाक्य चूक आहे. मीच लिहिलंय, आणि चूकही माझीच आहे."

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पट्टा, काठी, वीतभर अंतर, दुरुस्त आकडे. उतारावरच्या विरळणीचा नियम टिकत नाही, हेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना त्यांनी मागे बघितलं नाही. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

प्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, अहो, आजच? आणि तुमच्या हातून? एक-सदतीस म्हणतात तुम्हाला पोरं! खालच्या बाजूला उभं राहायचं कारण काय?"

"कारण काही नाही. चूक ती चूक. टिपणातून वाक्य काढा आणि मग मतं घ्या."

कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, "झालं, बुडवलं." तेवढ्यात मागे काठी जमिनीवर आपटली. सर उभे राहत होते. त्यांना उभं राहायला वेळ लागला.

"कारण आहे," सर म्हणाले. "ही सांगणार नाही. परवा मलाही सांगितलं नाही. मी रात्रभर हिशेब करत होतो, कोणतं साल, कोणता महिना. ते पट्टे काढून झाल्यावर दोन महिन्यांनी हिचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. मीच सही केली त्यावर. म्हणजे सातवा महिना होता तिला, आणि मी तिला त्या उतारावर पाठवली. जमेल का, असं विचारलंसुद्धा नाही. माझी मोजणी लांबली असती ना!" ते दम घ्यायला थांबले. "परवा मी हिला म्हणालो, शुक्रवारपर्यंत गप्प बस. हेही लिहून घ्या सभेच्या इतिवृत्तात. नियम गेला तर जाऊ दे. पण चूक एकटीच्या नावावर घालू नका."

मग ते बसले.

मतदान झालं. नऊ विरुद्ध सहा. शाखा शेती महाविद्यालयात जाणार. बाईंनी विरोधात मत दिलं होतं, ते सहांत गेलं. त्या बोलल्या नसत्या तर निकाल उलटा लागला असता का, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण पुढची काही वर्षं स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी हा विषय निघणार आणि त्या आत आल्या की बंद पडणार, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. प्रमुख त्यांच्याकडे न बघता कागद गोळा करत होते. बाईंना त्याचं वाईट वाटलं, आणि तरी छातीवरचा धोंडा उतरल्याचंही जाणवलं.

सभागृह रिकामं झालं तेव्हा सर अजून बसून होते. बाईंनी हात पुढे केला. इतक्या वर्षांत सरांनी कधी कुणाचा हात धरला नव्हता. या वेळी धरला. दोघं एकेक पायरी उतरू लागले. मधल्या वळणावर सर थांबले, कठड्याला टेकले.

"काय झालं होतं गं तेव्हा तुला?" त्यांनी विचारलं. "मुलगा की मुलगी?"

"मुलगी, सर."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. एकोणतीसची होईल आता."

सर मान हलवत राहिले. त्या टेकडीवरच्या एकेका झाडाचा नंबर आणि जाडी त्यांना आजही तोंडपाठ होती.

"मी विचारलंच नव्हतं कधी," ते म्हणाले.

"नाही विचारलंत," बाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्यांना तिथे, जिन्यात, आलं.