गळा आणि घसा

आमच्या ह्यांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. लिफ्टमधला अनोळखी माणूस असो की चुकून लागलेला फोन, हे तासभर गप्पा मारणार. त्यामुळे मुलीनं खुर्चीत बसवून "बाबा, बोलू नका" म्हटलं की मला मनातून बरं वाटायचं. तेवढाच माझ्या डोक्याला आराम.

मुलगी इंजिनीअर. तिच्या संस्थेनं कामासाठी दिलेलं जुनं सोनोग्राफी मशीन आमच्या मागच्या खोलीत होतं. साध्या सोनोग्राफीत एका वेळी एकच काप दिसतो. ही मशीनचा हातात धरायचा भाग, म्हणजे प्रोब, गळ्यावरून सावकाश फिरवायची, प्रोबवर चिकटवलेले ठिपके समोर लावलेला कॅमेरा बघत राहायचा, आणि कुठला काप कुठे बसतो ते ओळखून कॉम्प्युटर थायरॉईडची अख्खी ग्रंथी पडद्यावर उभी करायचा. कापलेला पाव परत जुळवावा तसं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. महागडं मशीन न परवडणाऱ्या छोट्या दवाखान्यांसाठी ही जिवाचं रान करत होती, आणि तिचा हक्काचा गळा म्हणजे बाबा.

पण हे मधेच बोलले की गळा हलायचा आणि पडद्यावरच्या ग्रंथीला सुरकुती पडायची. मग ती वैतागून ते चित्र पुसायची. पुन्हा पहिल्यापासून.

एकदा प्रोब फिरत असतानाच हे म्हणाले, "अगं, माझा घसा बघ ना जरा."

"तेच तर बघतेय, बाबा."

"हा गळा झाला. मी घसा म्हणतोय. आतून सारखी खरखर..."

"बाबा! गेलं ना चित्र! बोलू नका हो."

मी दारात उभी होते. गप्प बसेन तर ती मी कसली! म्हटलं, "तोंडाला जरा सुट्टी द्या, घसा आपोआप बरा होईल." तिघंही हसलो. ह्यांचं हसू फाटल्यासारखं आलं होतं, हे मला आता आठवतं. तेव्हा कुठे लक्ष होतं?

आवाज बरेच महिने बसलेला होता. बडबडीनं बसलाय, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरांकडे गेलो तोवर उशीर झाला होता. स्वरयंत्राचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढावं लागलं, श्वासासाठी गळ्याला खाली भोक ठेवलं. जीव वाचला, आवाज गेला.

मुलीनं डॉक्टरांना विचारलं, "माझ्या चित्रांत दिसायला हवं होतं का?"

"तुम्ही खालचा भाग बघत होता," ते म्हणाले. "शिवाय आत हवा असते, तिथलं सोनोग्राफीत नीट दिसत नाही. हे आवाजावरून कळतं."

त्यांनी हे तिला धीर यावा म्हणूनच सांगितलं होतं. पोरीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

घरी येऊन तिनं साठवलेली सगळी चित्रं एकेक करून उघडली. "एखादं बिघडलेलं राहिलं असेल ना गं, आई? बाबा बोलतानाचं?"

एकही नव्हतं. सगळी स्वच्छ, सगळ्यांत बाबा गप्प. तिनं मशीनवर चादर टाकली आणि म्हणाली, "मला नाही करायचं हे आता."

घरात हवी तेवढी शांतता आहे. ती मला खायला उठते. चुकून लागलेला फोन आला, तर मीच उगाच दोन शब्द बोलत राहते.

जखम भरल्यावर एका सकाळी ह्यांनी स्वतःच चादर काढली, खुर्चीत बसले आणि मान वर केली. तिला बोलाव, अशी मला खूण केली. ती दारात घुटमळली. ह्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक केलं, तशी आत आली. श्वासाच्या भोकाला सांभाळून तिनं बाजूनं प्रोब टेकवला. डोळे पडद्यावर होते. आणि सवयीनं म्हणाली, "बाबा, बोलू नका."

कुणीच हललं नाही. चित्र पहिल्या फटक्यात आलं. सुरकुती नावालाही नव्हती.