नमुन्याची डबी

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या यंत्राचा वाफेचा पाइप फुटला आणि तिथे कामाला असलेल्या भावजयीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. नवरा जहाजावर नोकरीला, परतायला अजून दोन महिने होते. धावून आली ती नणंद. शिवणकाम करणारी, भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी, फटकळ. एकदा फोनवर खटका उडाला होता, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. नणंदेने हॉस्पिटलच्या कॉटखाली पिशवी सरकवली आणि विचारलं, "फार दुखतंय का गं?" तिथून बोलणं सुरू झालं, पण जेवढ्यास तेवढं.

चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. मांडीची कातडी काढून हातावर लावायचं ठरलं होतं.

"ऑपरेशनआधी तीन दिवस आम्ही अँटिबायोटिक देतो," ती म्हणाली. "जखम चिघळू नये म्हणून. पण त्याने पोटातले चांगले जंतूही मरतात. किती मरतात, परत येतात का, आणि इतके दिवस औषध लागतंच का, हे आम्ही तपासतोय. त्यासाठी औषधाआधी, ऑपरेशननंतर आणि मग महिन्याने, असे शौचाचे तीन नमुने हवेत. सक्ती नाही."

भावजयीने भिंतीकडे तोंड फिरवलं. हात बँडेजमध्ये, नमुन्याची डबी भरणार कोण?

"वन्सं, नाही म्हणून सांगा त्यांना," डॉक्टरीण गेल्यावर ती पुटपुटली. "तुम्हाला हे करायला लावायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं."

"तुझ्या नवऱ्याला लहानपणी मीच धुतलंय. तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं. तुला द्यायचा नसेल तर नको देऊ. माझ्यासाठी म्हणून नाही म्हणू नकोस."

संध्याकाळी भावजय म्हणाली, "डाव्या हाताची सही चालते का, विचारा."

पहिली डबी नणंद कागदी पिशवीतून प्रयोगशाळेत घेऊन निघाली. लिफ्टवाल्याने विचारलं, "जेवणाचा डबा का?"

"उलट्या बाजूचा," ती म्हणाली. वॉर्डात येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा भावजय पहिल्यांदा हसली.

औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी अन्नावरची वासना उडाली, तिसऱ्या दिवशी जुलाब. सकाळपासून सहा वेळा चादर बदलली. भावजय रडायला लागली. नणंद तिला पुसत राहिली, आणि मग तरातरा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"हाताचं बघता बघता पोटाची वाट लावलीत की हो तुम्ही!"

डॉक्टर लगेच उठले. तपासलं, सलाइन लावलं, राहिलेले डोस थांबवले. मग म्हणाले, "वीस वर्षं मी हे देतोय. लावलेली कातडी सुटली तर पेशंटला पुन्हा सगळं सोसावं लागतं, त्या भीतीने देतो. तीन दिवस हवेत की एकच डोस पुरतो, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून तर हे नमुने."

नणंद भांडायच्या तयारीने गेली होती. "माहीत नाही म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदाच बघितला," असं म्हणत परत आली.

ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकललं. ऑपरेशनच्या दिवशी आधी एकच डोस दिला. त्यानंतर पाचव्या दिवशी बँडेज उघडलं तेव्हा नणंदेने चष्मा लावून, कुणाचं शिवण तपासावं तसं निरखून बघितलं. कातडी धरली होती. मनगटाजवळ नखाएवढी सुटली होती, ती जागा पुढे ड्रेसिंगनेच भरली.

महिन्याने तिसरा नमुना दिला. काही दिवसांनी डॉक्टरिणीने संगणकाच्या पडद्यावर तिन्ही निकाल दाखवले. ऑपरेशननंतर जंतूंचे प्रकार निम्म्यावर आले होते. आता बरेच दिसत होते, काही अजून नव्हते.

"ते येणारच नाहीत का?" भावजयीने विचारलं.

"येतील कदाचित. आणि एका पेशंटवरून काही ठरत नाही. ऐंशी जण झाले की बघू."

"भूक तरी आलीय," नणंद म्हणाली. "काल माझ्या ताटातलंही उचललं हिने."

बाहेर बाकावर एक बाई संमतीचा फॉर्म हातात धरून बसली होती. तिच्या नवऱ्याचा पाय भाजला होता आणि तो डबीला हात लावू देत नव्हता. भावजय तिच्याशेजारी बसली. तिने जुलाबाचंही सांगितलं, लपवलं नाही.

"लाज मलाही वाटली," ती म्हणाली. "त्यांना सही करा म्हणत नाही मी. तुम्ही आहात ना सोबत, एवढंच त्यांना सांगा."

नणंदेने दोनदा घड्याळ बघितलं. मग पिशवी खाली ठेवून तीही बसली.